तुमच्यात कसं करतात?

कुणाच्याही दारात गेले की रब्बीबाबा चपला काढता काढता आधी विचारत, "तुमच्यात कसं करतात?" बारसं असो की मयत. करीमभाई मिस्त्रीच्या घरी ते डोक्याला रुमाल बांधून बसत, बंजाऱ्यांच्या तांड्यावर तीजेच्या सणाला नाईकाच्या अंगणात मांडी ठोकत. कळंबच्या चिंतामणीच्या देवळाला मात्र आमच्या चपला राखत बाहेरच थांबत. "आमच्यात नाही करत. तुम्ही निवांत जाऊन या." त्याचा कुणाला राग येत नसे.

खरं तर ते रब्बी, म्हणजे यहुद्यांचे धर्मगुरू, नव्हतेच. आमच्या अलिबागेकडचे बेने इस्रायल, रेल्वेच्या नोकरीत यवतमाळला आले आणि राहिले. शनिवारी घरात चूल पेटत नसे, प्रार्थना तोंडपाठ, म्हणून गावानेच त्यांना रब्बी करून टाकलं. "कसला रब्बी! इथे यहुद्यांची घरं दोन, माझं नि मेव्हण्याचं. तो स्वतःच्या बायकोचं ऐकत नाही, माझं काय ऐकणार?"

छप्पन साली, सातवीतून शाळा सोडून मी यवतमाळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो. बोली वेगळी, जेवण वेगळं, जीव सदा धास्तावलेला. वडील गेल्याची खबर आली तेव्हा गावी दहन उरकलेलं होतं. खोलीत नुसता बसून राहिलो. बाबा आले. "तुमच्यात कसं करतात?" मला तरी धड कुठे ठाऊक होतं! त्यांनीच चार घरी विचारून न्हावी आणला, भटजी आणले. दहाव्याला तळ्याच्या काठावर माझे कोरडे कपडे छातीशी धरून उभे राहिले. पिंडाला कावळा शिवेपर्यंत उन्हातून हलले नाहीत. घरी त्यांच्या बायकोने, सारामावशींनी, भात वाढला तेव्हा कुठे मी रडलो.

पुढे चार-पाच वर्षांनी सारामावशी गेल्या. कबरस्तानालगतची जागा करीमभाईंनी मिळवून दिली. माती लोटून झाली आणि बाबा थबकले. मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात कद्दिश म्हणतात, पण त्याला त्यांच्यातले दहा पुरुष हजर लागतात. तिथे ते आणि मेव्हणा, दोघेच.

"आमी हाओत न बाबा, दहाच्या वर," करीमभाई म्हणाले. "आमी आमीन म्हनतो. कोनाले कळून राह्यलं?"

"मला कळतं ना रे." बाबांनी त्यांचा खांदा धरला. "तुम्ही सगळे माझेच आहात. पण यात तुम्हाला मोजता येत नाही."

एवढं मऊ आणि एवढं कठीण बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. "साराला नुसतं मातीत टाकून आलो," एवढंच म्हणत. शेवटी मेव्हण्याला घेऊन कोकणात निघाले. स्टेशनवर करीमभाईंनी विचारलं, "वापस येसान न?"

"एवढं कद्दिश म्हणून येतो."

मेव्हणा एकटाच परतला. बाबांनी दहाजणांत उभं राहून कद्दिश म्हटलं होतं, आणि पंधरवड्यात तिकडेच वारले होते.

आम्ही सगळे सारामावशींच्या कबरीपाशी जमलो. करीमभाई, तांड्याचे नाईक, जिनिंगमधली माणसं. करीमभाईंचे हात दुवेसाठी वर आले आणि तसेच थांबले. ते मेव्हण्याकडे वळले. "तुमच्यात कसं करतेत जी?"

"दहा असते तर म्हटलं असतं," मेव्हणा म्हणाला. "नाहीतर नुसतं उभं राहायचं."

करीमभाईंनी हात खाली घेतले. मग आम्ही नुसते उभे राहिलो. ऊन चढलं तरी कुणी हललं नाही.