मनगटातली फट

माझा स्वभावच संशयी. दूधवाल्याच्या दुधाकडेसुद्धा मी डोळे बारीक करून बघते. त्यामुळे नव्वदच्या दशकात, महाडला चौदा वर्षांखालच्या मुलींच्या कबड्डीत समोरच्या शाळेचे सर माझ्याकडे बोट दाखवून "ही चौदाच्या आतली नाय" म्हणाले, तेव्हा मला त्यांचाच संशय आला. हरायला लागलं की माणसं काहीही बोलतात. मी वर्गात सगळ्यांत उंच. चढाईला गेले की दोघीतिघींना ओढत मधल्या रेषेपर्यंत यायची, आणि त्याचा मला भारी तोरा होता. जिल्ह्याच्या संघात मी जाणार हे सगळे धरूनच चालले होते.

शाळेत माझी जन्मतारीख एक जून. आमच्या पोलादपूरकडच्या गावात निम्म्या वर्गाची तीच, कारण पोर दाखल करताना गुरुजी तीच लिहायचे. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? मग एक्स-रे काढायचं ठरलं. आमचे खेळाचे सर, मी आणि आई एसटीने महाडला गेलो. आई वाटभर डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, तिला गाडी लागली असेल.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. लहानपणी हाडांची टोकं मऊ असतात, म्हणाले, कानाच्या वरच्या कडेसारखी वाकणारी. त्या मऊ भागाचं आतून हळूहळू हाड होत जातं. जो व्हायचा राहिलाय तो फिल्मवर काळी फट दिसतो, आणि वाढ संपत आली की फट बुजते. माझ्या कोपराची बुजली होती. मनगटाशी केसाएवढी उरली होती.

"चौदा नाही. सोळाच्या आसपास असेल."

मी भडकलेच. फिल्म दुसऱ्या कुणाची असेल, त्या सरांनी तुम्हाला गाठलं असेल, तोंडाला येईल ते बोलले. आमचे सर आईकडे बघत होते. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दोन वर्सं उशिरा घातली गो तुला शाळेत. भाऊ तान्हा होता. मी भाताच्या लावणीला गेले की त्याला बघायला दुसरं कोण होतं? गुरुजी म्हणाले, पहिलीला सहाची पोर लागते. म्हटलं, सहाचीच हाय."

संघातली जागा गेली. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की मी उंच नव्हतेच, नुसती मोठी होते. परतताना एसटीत मी आईकडे पाठ करून बसले.

आणि खिडकीशी बसल्यावर शाळेच्या आधीची एकच गोष्ट आठवत राहिली. भावाला पाजायची वेळ झाली की त्याला कडेवर घेऊन मी ओढा ओलांडायची आणि शेतावर आईकडे न्यायची. तेव्हा मी चार वर्षांची होते, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगत आले होते. चार वर्षांच्या पोरीला एवढं मूल उचलवतं तरी का, हा संशय मला कधी आलाच नव्हता.