आप्पांचा कोरडा दोर

निपाणीच्या आमच्या तालमीत पोरांच्या लांब उडीला दरवर्षी बक्षीस असे. जुना उच्चांक मोडेल त्याला जरीचा फेटा. उच्चांक तालमीचे वस्ताद आप्पा यांचा, त्यांच्या पोरवयातला, बारा गाठींचा. आणि उडी मोजायचेही आप्पाच, हातहात अंतरावर गाठी मारलेल्या त्याच जुन्या अंबाडीच्या दोरानं. फेटा दरवर्षी पेटीतून निघायचा आणि पेटीतच जायचा.

माणूस तसा चोख. बोलताना सारखी मान हलवायचे, जणू स्वतःलाच पटवताहेत. स्पर्धेच्या सकाळी दोर उन्हात पसरून राखणीला बसायचे. कुणी घागर घेऊन जवळून गेलं की खेकसायचे, "लांबनं जा रं! दोर भिजंल."

तीन वर्षं मी बाराव्या गाठीला चार बोटं कमी पडलो. मग एकदा गोठ्यातलं दावं भिजून आखडलेलं पाहिलं आणि डोक्यात किडा वळवळला. भिजला दोर आखडतो, गाठी जवळ येतात, आणि तीच उडी जास्त भरते.

पुढच्या स्पर्धेला मी विचारलंच, "आप्पा, तुमच्या वक्ताला दोर कोरडा हुता का वो?"

त्यांची मान हलायची थांबली.

"त्या साली पाऊस लई झालता," ते म्हणाले, आणि वाळलेला दोर उलटा करून पुन्हा उन्हात घातला.