खिडकी पाडलेलं इरलं

सकाळी सव्वापाचला जयवंता लाकडांच्या खोलीत कुऱ्हाडीने ऐनाचा ओंडका फोडत होती. बाहेर पाऊस होता. तो गेल्या शुक्रवारपासून होता आणि त्याने कुणाला विचारलेलं नव्हतं.

दहिवलीच्या या बंगल्यात उतरणाऱ्या पाहुण्यांना चूल, भांडी आणि कोरडं सरपण बंगल्याचं मिळे. शिधा ज्याचा त्याने आणायचा आणि रांधायचंही ज्याचं त्याने. १९४४ चा आषाढ होता, लढाई चालू होती, रॉकेल कुठे मिळत नव्हतं. पाहुण्यांनी दादरहून हौसेने आणलेला स्टोव्ह कोपऱ्यात नुसता बसून होता. चहापासून आमटीपर्यंत सगळं या खोलीतल्या लाकडांवर चाललं होतं आणि खोलीची किल्ली जयवंताच्या कमरेला होती. बंगल्याचा मालक, मुंबईतला एक कापडवाला शेठ, वर्षाकाठी दोनदा येई. जयवंताचा नवरा सहदेव रेल्वेत गँगमन होता आणि पावसाळाभर घाटात दरडींच्या पहाऱ्यावर असायचा. त्यामुळे बंगला तिच्या अंगावर होता आणि ओढ्यापलीकडचं त्यांचं स्वतःचं भाताचं खाचरही तिच्याच.

तिने पाहुण्यांचा बंब पेटवला, चहापुरता जाळ चुलीत घातला आणि हात धुऊन मागच्या पडवीत पावसात डोक्यापाठीवर घ्यायचं इरलं आणायला गेली. खुंटी रिकामी होती.

इरलं सापडलं ते पुढच्या दिवाणखान्यात, टेबलावर उभं केलेलं. मधोमध चाकूने खिडकी कापलेली होती. खिडकीला लाल कागदाचा पडदा, आत विझलेली पणती. बांबूच्या जाळीत वैशाखात दाबून बसवलेली पळसाची पानं वीतभर उघडी पडून गालिच्यावर सांडली होती. जयवंताने ती उचलली, मग पुन्हा खाली टाकली. उचलून करायचं काय होतं?

पाहुणे म्हणजे केळशीकर मंडळी. नानासाहेब केळशीकर एका पेढीत हेडक्लार्क, त्यांची पत्नी माई, मुलगी, जावई मुकुंदराव आणि पोरंटोरं. धबधबे बघायला आले आणि पावसाने त्यांना दारातच अडवलं. पहिल्या दिवशी पत्ते झाले. दुसऱ्या दिवशी भेंड्या झाल्या, त्यात मुकुंदरावांनी इतकी फसवाफसवी केली की माई उठून पोळ्या लाटायला गेल्या. मग सगळ्यांची नजर जयवंताकडे वळली. तिने मुलांना सागरगोटे आणून दिले, चिंचोके फोडून दिले, पडवीच्या वाशाला झोका बांधला. हे तिने आपणहून केलं, पोरं कंटाळलेली बघवत नाहीत म्हणून. पण मोठ्यांचा कंटाळा वेगळा होता. त्यांना जयवंताने जात्यावरची गाणी म्हणून दाखवायला हवी होती, तीही दळण नसताना. चिंबोऱ्या पकडून आणायला हव्या होत्या, खायला नव्हे, टेबलावर चालवून बघायला. आणि काल रात्री, ती आपल्या खोलीत झोपल्यावर, त्यांनी नाटुकलं केलं. नाव होतं ‘गरीब शेतकऱ्याची झोपडी’. झोपडी म्हणून इरलं घेतलं. झोपडीला खिडकी नको का, असं कुणीतरी म्हटलं.

"अगं, जयवंता, उठलीस का?" मुकुंदराव टॉवेल खांद्यावर टाकून दारात आले. "रात्री तुला हाक मारणार होतो. तुझी झोपडी काय सुरेख दिसली म्हणून सांगू."

"हे कुणी कापलं?"

"मी. जरा नीट कापलंय, बघ. अगदी चौकोनी."

"आज नागूच्या खाचरात सावड हाय," जयवंता म्हणाली. "मी काय डोक्यावर घेऊ?"

सावड हा दहिवलीचा जुना व्यवहार. लावणीच्या दिवसांत मजुरी देऊन माणूस लावायचं कुणालाच परवडत नाही, म्हणून घरं एकमेकांकडे जातात. ज्याने आज आपल्या खाचरात माणूस दिला, त्याच्या खाचरात आपण माणूस द्यायचा. आज नागूकडे लावणी होती, उद्या जयवंताकडे. आज जी ओळीत नाही, तिच्या बांधावर उद्या कुणी येणार नाही. राग म्हणून नव्हे, तशी रीतच होती. आणि जयवंताचं रोप आता थांबणारं नव्हतं. त्याला गाठ धरू लागली होती. आणखी चार दिवस गेले असते तर ते लावून फुटवे आले नसते आणि वर्षाचा भात गेला असता.

आवाज ऐकून नानासाहेब आले. त्यांनी इरल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"एवढंच ना? छत्री घेऊन जा. माझी घे."

"एका हातात रोपाची जुडी असतीय, दुसऱ्यानं लावायचं," जयवंता म्हणाली. "छत्री धरायला तुमी येता का?"

"बरं, मग आजचा दिवस जाऊ नकोस. एक दिवस नाही गेलीस तर काय आकाश कोसळतं?"

आकाश कोसळतच होतं. जयवंताने खिडकीबाहेर एकदा पाहिलं आणि सावडीची गोष्ट त्यांना सांगितली. तीन वाक्यांत सांगितली, कारण तिला उशीर होत होता. नानासाहेबांना ती समजली. समजूनही ते म्हणाले, "दुसरं इरलं विकत घे. काय लागेल ते मी देतो."

"आखाडात इरलं मिळत नाय. पानं उन्हाळ्यात वाळवाया लागतात. कशेळ्याकडचा ठाकूर जेठात देऊन गेला, आता पुढल्या जेठात येईल."

"मग मी काय करू म्हणतेस?"

हे त्यांनी खऱ्या प्रश्नासारखं विचारलं नाही. संभाषण मिटवण्यासाठी विचारलं. जयवंता मागे गेली, लाकडांच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली, गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतली आणि ओढ्याकडे चालू लागली. रोज ती जाण्याआधी दिवसभराची लाकडं फोडून चुलीजवळ रचून ठेवत असे. त्या दिवशी रचली नाहीत.

नागूच्या खाचरात बायका ओळीला लागल्या होत्या. सहदेवची बहीण ठकी तिच्या शेजारची जागा राखून होती.

"वयनी, गोणपाटात काय आलीस गं? बटाटं इकाया चाललीस का?"

"इरलं नाटकात गेलं."

"कुटल्या नाटकात?"

"गरिबाच्या."

ठकी हसली, मग जयवंताचं तोंड बघून थांबली. जयवंता वाकली आणि लावू लागली. इरल्याखाली माणूस वाकलं की पाठीवरचं पाणी घसरून मागे पडतं, अंग कोरडं राहतं आणि श्वास आतल्या आत गरम राहतो. गोणपाट पाणी घसरवत नाही, पितं. पहिली ओळ संपेपर्यंत ते ओल्या मेंढीसारखं जड झालं. दुसऱ्या ओळीला पाणी मानेवरून पोटापर्यंत उतरलं. तिसऱ्या ओळीला तिची बोटं इतकी गारठली की जुडीतून दोन काड्या सुटायच्या तिथे पाच सुटू लागल्या.

बांधावरून नागूने ते पाहिलं. "वयनी, घरी जा. तुजा दिस मी धरला."

"आता गेले तर अर्धाच दिस भरंल. मंग उद्या मला अर्धंच माणूस येईल," जयवंता वाकूनच म्हणाली. "माजं खाचर अर्धं नाय."

ठकीने आपलं इरलं तिच्याकडे सरकवलं. तिने घेतलं नाही. ठकीला अंगावर पिणारं पोर होतं.

थंडीपेक्षा तिला दुसरीच गोष्ट जाळत होती. कापलं याचा राग होताच. पण त्या माणसाने चौकोनी कापल्याचं कौतुक मागितलं होतं. गरिबाच्या झोपडीवर टाळ्या वाजवल्या होत्या आणि झोपडीसाठी जे कापलं, ते कुणाचं, कशाला लागतं, हे त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. ती तर पंधरा पावलांवर झोपलेली होती.

दहाच्या सुमाराला मुकुंदराव बांधावर दिसले. छत्री वाऱ्याने उलटली होती, एक पायताण चिखलात राहिलं होतं.

"जयवंता, किल्ली दे. सकाळचा चहा झाला तेवढाच. चूल विझली, मुलं उपाशी आहेत. ओल्या काटक्या घालून सगळं घर धुराने भरलंय."

ओळ थांबली. बायकांनी इरल्यांतून माना वर काढल्या.

"पोरास्नी चुरमुरे हायत फडताळात, वरच्या डब्यात," जयवंता म्हणाली. "ते द्या आदी. किल्लीचं नंतर बोलू."

"नंतर म्हणजे कधी?"

"तुमच्या वळकटीला मेणकापड हाय. आमचं इरलं तुमच्या टेबलावर हाय. मेणकापड इरल्याला शिवा आणि इरलं हितं आणा. मंग किल्ली."

"ते मेणकापड नानांचं आहे. लढाईच्या आधीचं. आता मुंबईत शोधूनही मिळत नाही."

"तेच मी सकाळपासून सांगतेय," जयवंता म्हणाली. "मिळत नाय."

"नाना शेठना कळवतील हं. तुझी नोकरी जाईल."

"कळवा की. खिडकी कुणी पाडली ते बी कळवा. चौकोनी पाडली म्हणून कळवा."

ठकीने खोकल्याचा बहाणा केला. मुकुंदराव वळले. दुसरं पायताण हातात घेऊन अनवाणी गेले. जयवंता पुन्हा वाकली. नोकरीचं तिने हसण्यावारी नेलं नव्हतं. शेठने काढलं असतं तर बंगल्यामागची खोलीही गेली असती, हे तिला ठाऊक होतं. पण रोप काही शेठच्या पत्राची वाट बघणार नव्हतं.

बंगल्यात काय झालं ते नंतर पोरांकडून कळलं. नानासाहेब म्हणाले की हा उद्धटपणा आहे आणि ते काही केल्या ऐकून घेणार नाहीत. माई उठल्या. त्यांनी वळकटी सोडली, गादी बाजूला काढली, मेणकापड जमिनीवर पसरलं आणि मुलीकडे गाद्या शिवायचं दाभण मागितलं. "तुम्ही उपाशी बसा हवं तर," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मुलं बसणार नाहीत. आणि ती बाई खोटं काय बोलली?"

साडेअकराला मुकुंदराव परत आले. छत्री आता मोडलीच होती, म्हणून इरलं त्यांनी डोक्यावर घेतलं होतं. खिडकीच्या जागी काळं मेणकापड, वाकड्या पण घट्ट टाक्यांचं.

"आता दिसताय गरीब शेतकरी," नागू म्हणाला. "काल असं पाहिजे हुतं."

मुकुंदराव हसले नाहीत. जयवंताही हसली नाही. तिने इरलं उलटं करून टाके बोटाने तपासले, डोक्यावर घेतलं आणि वाकून पाहिलं. पाणी घसरून मागे पडलं. मग तिने कमरेची किल्ली काढली.

"डाव्या हाताचं सरपण कोरडं हाय. उजवीकडचं ओलं, त्याला हात लावू नका. कुलूप घालून किल्ली माईसाहेबांजवळ द्या. तुमच्याजवळ नाय."

संध्याकाळी ती परतली तेव्हा नानासाहेब पडवीत खुर्ची टाकून बसले होते.

"रविवारी परत जाताना आमचं अंथरूण भिजणार," ते म्हणाले.

"भिजंल," जयवंता म्हणाली.

त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण मागून माईंनी विचारलं, "जयवंता, उद्या तुझ्या शेतात लावणी आहे ना? मुलांना दाखवायला आणू का? नुसती बसून कंटाळलीत."

"बघाया आणू नका," जयवंता म्हणाली. "आणलंत तर ओळीला लावीन."

माईंनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. जयवंताने इरलं आपल्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली. पडवीतली खुंटी त्या पावसाळ्यात तिने पुन्हा वापरली नाही.

दुसऱ्या दिवशी सावड जयवंताच्या खाचरात होती. लाकडांची खोली पहाटे पाचला उघडणार होती, दिवसाचं सरपण पाहुण्यांनी तेवढ्यात न्यायचं होतं आणि सहाला तिला कुलूप लागणार होतं.