गडग्याच्या दोन्ही बाजूंचं पुस्तक

आमच्या ह्यांचं आयुष्यातलं सर्वांत आवडतं पुस्तक अर्धं आहे. अर्धं वाचलेलं, असं मी म्हणत नाही, पुस्तकच अर्धं. सुरुवातीची नावगावाची पानं दोघा भावांनी लहानपणी होड्या करून पाटाच्या पाण्यात सोडली, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि ते लिहिलं कुणी, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. मागचा निम्मा भाग गडग्यापलीकडे, थोरल्या दिरांच्या घरी. गडगा म्हणजे त्यांच्या आणि आमच्या सुपारीच्या वाडीमधली दगडावर दगड रचून घातलेली भिंत. कंबरेएवढीच आहे, पण दोघा भावांना ती कित्येक वर्षं ओलांडता आलेली नाही.

पुस्तक फाडलं माझ्या सासऱ्यांनी. दोन्ही मुलं ते मीच आधी वाचणार म्हणून आठवडाभर भांडत होती, एकमेकांच्या उशीखालून पळवत होती. सासरे कमी बोलणारे. त्यांनी ते मधोमध उघडलं आणि नारळाचे दोन भाग करावेत तसे त्याचे दोन भाग केले. थोरल्याचं निम्मं वाचून झालं होतं म्हणून मागचा भाग त्याला, पुढचा धाकट्याला. "वाचून झालं की बदला," एवढंच म्हणाले आणि वाडीत गेले. पुढे किती तरी वर्षं ते भाग इकडून तिकडे बदलत राहिले. सासूबाई सांगायच्या, घरात तेवढी एकच गोष्ट अशी होती की तिच्यावरून पुन्हा भांडण झालं नाही.

मग वाटण्या झाल्या. वाडी वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, तांब्याची भांडी वाटली. सगळं गोडीगुलाबीने झालं आणि शेवटी एका फणसावर अडलं. तो नेमका हद्दीवर. बुंधा आमच्याकडे, फणस धरतात ते त्यांच्या बाजूला. शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद झालं ते झालंच. पुस्तकाचा जो भाग त्या दिवशी ज्याच्याकडे होता तो त्याच्याकडेच राहिला. आम्ही जावा मात्र रोज गडग्याला टेकून बोलतो. मासळीवाली आली की दोघी मिळून एकदाच घासाघीस करतो. ही दोन माणसं आपापल्या ओटीवरून ऐकत असतात. बोंबील ताजे आहेत की नाहीत याबद्दल दोघांनाही मत असतं, पण ते बायकोच्या मार्फत पलीकडे जातं.

पुस्तकात एक तरीवाला आहे, माणसांना होडीतून खाडीपार नेणारा. एका माणसाशी त्याचं बिनसलेलं आहे, त्या एकाला तो होडीत घेत नाही. तो माणूस वर्षानुवर्षं खाडीला वळसा घालून लांबच्या वाटेने जातो. मग एका संध्याकाळी वारा सुटतो आणि पलीकडच्या काठावरून नेमका तोच हाक मारतो. तरीवाला होडीचा दोर सोडायला वाकतो, आणि आमचं पुस्तक तिथे संपतं. हे कुणाला सांगताना ह्यांचा आवाज भरून येतो. "माणसानं येवढा ताठा धरू नये," असंही वर म्हणतात. मी तेव्हा नुसती गडग्याकडे बघते.

शेवट ह्यांनी लहानपणी पुष्कळदा वाचलेला आहे, पण आता आठवत नाही. होडी बुडते का, असं विचारलं तर उत्तर त्या दिवशीच्या जेवणावर ठरतं. आमटीत मीठ जास्त झालं असलं की बुडते. कोलंबीचं कालवण असलं की दोघंही सुखरूप काठाला लागतात. बरं, दुसरी प्रत मिळवावी, तर पुस्तकाचं नावच माहीत नाही.

तर ह्या हिवाळ्यात जाऊबाईंनी गडग्याशी येऊन सांगितलं, की मुलगा पनवेलला बोलावतोय, आम्ही दोघं तिकडे राहायला चाललो. वाडी बघायला माणूस ठेवलाय, घराला कुलूप. पुढच्या आठवड्यात टेम्पो येणार. "ह्यांनी कपाटावरचे सगळे कागद उतरवलेत. न्यायचं ते नेणार, बाकीची रद्दी," असं त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं ते आधी त्यांच्यासाठी. आता मी बोलायचं कुणाशी? दुसरा विचार मनात आला तो पुस्तकाचा.

जेवताना मी ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी भात कालवणं थांबवलं नाही.

"जाऊं दे. त्याचा मुलगा हाय, त्यानं बोलावलंय," म्हणाले.

"पुस्तकाचं काय?"

"कसलं पुस्तक?"

मी आमटी वाढली. हातातला घास तसाच ठेवून हे म्हणाले, "रद्दीत घालणार न्हाय तो."

"मग जाऊन मागा."

"मी कशाला मागू?"

"मी वहिनींना सांगते."

"तू मागितलंस काय नि मी मागितलं काय, सारखंच. त्याला कळल्याशिवाय राहील?" असं म्हणून उठले आणि नुकतंच पाणी दिलेल्या माडांना पुन्हा पाणी द्यायला गेले. सबंध आठवडा आमच्या माडांची चैन होती.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या वाचनालयात 'माझं सर्वांत आवडतं पुस्तक' असा कार्यक्रम होता. ग्रंथपाल मुलगी हुशार आणि कडक. प्रत्येकाला पाच मिनिटं, पुस्तक सोबत आणायचं, वेळ संपली की घंटा. हे गेले, सोबत मीही. जाताना अर्धं पुस्तक धुतलेल्या पिशवीत गुंडाळून घेतलं होतं.

आवडतं पुस्तक सांगायला उभं राहिलं की माणूस लग्नाला निघाल्यासारखा नटतो. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी एका जाडजूड ग्रंथाने आपलं आयुष्य घडवलं असं सांगितलं. ग्रंथ आयुष्य घडवून अजून अगदी कोरा करकरीत राहिला होता. आमच्या डॉक्टरीणबाई अध्यात्मावर बोलल्या. त्या वर्षभर फक्त खुनाच्या रहस्यकथा घरी नेतात हे ग्रंथपाल मुलीला पक्कं माहीत, पण ती गंभीर चेहऱ्याने घंटेवर हात ठेवून बसली होती. मला विचारलं असतं तर मीही पाकक्रियेचं पुस्तक म्हणाले नसते, काहीतरी भारदस्त नाव घेतलं असतं. म्हणून मी नावच दिलं नव्हतं.

मग हे उभे राहिले. पुस्तकाचं नाव माहीत नाही, म्हणाले, तेव्हा लोक हसले. पण तरीवाला सांगायला लागले आणि हसू थांबलं. बोलतात छान, हे मला मान्य करावंच लागतं. वारा सुटला, हाक आली, तरीवाला दोराकडे वाकला आणि हे गप्प झाले.

"पुढे?" अध्यक्षांनी विचारलं.

"पुढचं माझ्याकडे न्हाय," म्हणाले.

पुढचं कुणाकडे आहे हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. तिथे जाऊबाईंशेजारी थोरले दीर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर तशीच एक पिशवी होती.

ते सावकाश उठले. भावाकडे एकदाही न बघता अध्यक्षांना म्हणाले, "अध्यक्षमहाराज, पुढचं असं हाय. तो दोर सोडतो."

"अध्यक्षांनी विचारावं," हे बसल्या जागेवरून म्हणाले, "की लगेच सोडतो, का थांबतो जरा?"

अध्यक्षांनी विचारलं.

"थांबतो. अध्यक्षांनी सांगावं, की मधे बोलू नये."

अध्यक्षांनी तेही सांगितलं. बिचाऱ्यांची मान टेबल टेनिस बघावं तशी हलत होती. दीर सांगत गेले. लाटा, अंधार, वल्ह्याचा आवाज. तो माणूस होडीत बसतो, दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले. होडी खाडीच्या मध्यावर येते. आमचे हे खुर्चीच्या अगदी टोकावर आले होते. मला वाटलं, आता पडतात. दिरांनी शेवटचं पान काढलं, चष्मा पुसला, आणि घंटा वाजली.

"वेळ संपली काका," ग्रंथपाल मुलगी म्हणाली.

नियम म्हणजे नियम. दीर पुस्तक पिशवीत घालून खाली बसले. पुढच्या बाई बागकामावर बोलायला उठल्या. त्या मुलीचा मला इतका राग आला की विचारू नका.

घरी जाताना दोघं भाऊ एकाच गल्लीने निघाले. एक पुढे, एक मागे, मधे आम्ही दोघी. फाटकं वेगवेगळी वाजली.

टेम्पो आला त्या दिवशी हे सकाळपासून गडग्याजवळ झावळ्या ओढत होते. ओढायला झावळ्या उरल्या नव्हत्या, तरी ओढत होते. पलीकडे कपाट चढलं, पिंप चढलं, गाद्या चढल्या. रद्दीचा गठ्ठा पडवीत दोरीने बांधून ठेवलेला होता. ह्यांची नजर सारखी त्या गठ्ठ्यावर. मी शेवटी म्हटलं, "अहो, आता तरी तोंड उघडा. हे नुसतं बघून मिळायचं नाही."

"मागणं मला जमायचं न्हाय," म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "मागणं जमायचं न्हाय."

मग एकदम घरात गेले. बाहेर आले ते धुतलेली पिशवी घेऊन. फाटकातून नाही गेले, माणूस गडग्यावर चढला. ह्या वयात, लुंगी सावरत. पलीकडे उतरून टेम्पोपाशी गेले आणि दिरांच्या हातात आपलं अर्धं पुस्तक ठेवलं. "गाडीत वाचायला," म्हणाले.

दीर त्या पिशवीकडे बघत राहिले. मग ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवलेली आपली पिशवी त्यांनी उचलली. ती रद्दीत नव्हती, सामानातही नव्हती. मांडीवर घेऊन जायची म्हणून वेगळी ठेवलेली. ती त्यांनी ह्यांच्या हातात दिली.

"वाचून झालं की बदलू," म्हणाले.

जाऊबाई आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि दोघीही पदराला डोळे पुसायला लागलो. मागणं जमत नाही पण देणं जमतं, एवढी साधी गोष्ट कळायला ह्या दोन शहाण्यांची निम्मी हयात गेली. सासऱ्यांना ती तेव्हाच कळली होती.

टेम्पो गेला. हे परत येताना मात्र फाटकातून आले, कारण गुडघा दुखावला होता. त्याच दुपारी त्यांनी तो भाग वाचून काढला. मी विचारलं, "काय होतं हो शेवटी?"

"काय विशेष न्हाय. त्याला काठावर सोडतो. परत जायचं झालं तर हाक मार, म्हणतो. नि निघून जातो."

"मग येवढं रडायला काय झालं?"

"रडतंय कोण?" म्हणाले आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर दर रविवारी पनवेलहून फोन येतो. बोलणं थोडंच. दीर विचारतात, "झालं काय वाचून?" हे म्हणतात, "न्हाय अजून. तुझं?" पलीकडूनही "न्हाय अजून." इकडे ह्यांचं पुन्हा पुन्हा वाचून शेवटचं पान पाठ झालंय. तिकडची बातमी मला जाऊबाई देतात: दिरांचंही पहिल्याच आठवड्यात झालं होतं. दोघंही धडधडीत खोटं बोलतात. झालं म्हटलं, तर पुढच्या रविवारी विचारायचं काय? आम्ही दोघी मूग गिळून आहोत.

परवाच्या रविवारी नेहमीचं बोलून झालं. "न्हाय अजून" इकडून झालं, तिकडून झालं. मी कोकमं वाळत घालत होते. हे फोन कानाला तसाच धरून उभे राहिले, दारातून गडग्याकडे बघत.

"दादा," म्हणाले, "फणस पिकायला लागलेत. सगळे तुझ्याच बाजूला हायत. कधी येतोस काढायला?"