गवयाकडे पाठ करून बसणाऱ्या बाई

गेल्या वर्षी तंजावर भागातली गाण्याची एकही मैफल मी चुकवली नाही. प्रत्येक ठिकाणी एक म्हाताऱ्या बाई दिसायच्या. केसांत कनकांबराची फुलं, मांडीवर पिशवी, आणि पाठ चक्क गवयाकडे! आम्हा ऐकणाऱ्यांचा एकेक चेहरा त्या न्याहाळत बसायच्या.

तिरुवैयारू गावच्या मैफलीत मला राहवेना. "अम्मा, अशा उलट्या का बसता?"

माझे ओठ पाहून त्यांनी कानाकडे बोट नेलं. "जन्मभर गाणं शिकवलं. आता काही म्हणता काही ऐकू येत नाही. पण कुठं रंगलं, ते तुमच्या तोंडावर दिसतं की!"

मी नेहमी मान खाली घालून, डोळे मिटून ऐकणारी. पुढच्या मैफलीत मुद्दाम त्यांच्यासमोर बसले आणि चेहरा वर ठेवला. आलाप चढत गेला, तशा त्या हळूहळू डोलू लागल्या. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय ऐकू आलं, कोण जाणे.