महिपतचा व्हरांडा

माझे शेजारी महिपत यांनी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, म्हणजे एकतीस वर्षं उभ्याने काढली. निवृत्तीनंतर कल्याणला आमच्या गल्लीत घर बांधायला घेतलं, तेव्हा त्यांची हौस एकच होती : पुढे व्हरांडा आणि त्यात झोपाळा.

"काकू, आता नुसतं बसायचं," ते म्हणाले.

अडचण वडाची होती. कुंपणालगतचा तो वड जुना. पालिकेने त्याला नंबर ठोकून संरक्षित केलेला. परवान्यात अट होती, खोडापासून चार मीटर सोडून बांधावं. महिपतनी टेप लावली. व्हरांडा बसत होता, वर चार बोटं उरत होती. पाया घालण्याआधी पालिकेचं माणूस येऊन मोजणार होतं.

मग ठेकेदार नाथाने त्यांची झोप उडवली. "पारंबी जमिनीत रुजली की तेबी खोडच धरतात, साहेब. माप तिथनं."

व्हरांड्याच्या जागेवर चार पारंब्या लोंबत होत्या, जमिनीपासून हातभर. तोडाव्या तर गुन्हा.

१२ जूनला सकाळी सातला महिपत स्टुलावर उभे राहून तीन पारंब्या जमिनीला टेकू नयेत म्हणून वर वळवून त्यांची वेणी घालत होते. शेवटाला लाल रिबीन.

खालून त्यांची बायको रतन म्हणाली, "घाला, घट्ट घाला! माझ्या केसांना कधी कंगवा लावला नाहीत, आणि वडाची वेणी!"

चौथी पारंबी जाड, ती वळेना. तिच्याखाली त्यांनी रंगाची रिकामी बादली ठेवली. "येऊ दे खाली. जमीन लागणारच नाही."

पावसाळाभर बादलीत पाचोळा, माती, पाणी साचत राहिलं. महिपत रोज वाकून बादलीबाहेरची जमीन तपासत.

२१ ऑक्टोबर, सव्वाअकरा. उद्यान खात्याच्या नीरजाबाई टेप घेऊन आल्या.

"वडाला रिबीन कुणी बांधली?"

"मोकळे केस बरे दिसत नव्हते," रतन म्हणाली.

"आणि ही बादली?"

"माझीच. उचलतो ना." महिपतनी हिसका दिला. कडी हातात आली, बादली जागेवरच. नाथाने माती उकरून पाहिलं. बुडाच्या भेगेतून पारंबी खाली उतरून रुजली होती.

"मॅडम, बादलीत आहे हो ती, जमिनीत नाही!" महिपत म्हणाले.

"बादलीत आहे, मान्य," नीरजाबाई म्हणाल्या. "पण तिथे थांबली नाही ना." आणि त्यांनी टेपचं टोक बादलीला लावलं. व्हरांडा गेला. महिपत सिमेंटच्या गोणीवर बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

झोपाळा आता पुढच्या दहा बाय दहाच्या खोलीत आहे. पुढे आला की दाराला लागतो, मागे गेला की कपाटाला. पाहुण्याला उंबऱ्यावर थांबून अंदाज घ्यावा लागतो. रतन चहाचा ट्रे घेऊन भिंतीला पाठ लावून सरकते आणि दर वेळी काहीतरी पुटपुटते.

परवा मी विचारलं, "व्हरांड्याचं वाईट वाटतं का हो?"

"छे. कावळ्यांनी डोकं पांढरं केलं असतं." झोपाळ्याचे दोनतीन हेलकावे झाले. "पण वारा होता हो तिथे, काकू."