एकशे एकवीस किलोंचा नवस

आषाढातला रविवार, गूळ एकशे एकवीस किलो, आणि हजर आम्ही चौघं: मी, माझे यजमान, नणंद आणि ऐंशी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. जागा हैदराबादच्या कुकटपल्लीतलं देवीचं एक लहानसं देऊळ. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी भक्तिभावानं गेले नव्हते. भांडायला गेले होते.

भांडण कशाचं, ते आधी सांगते. अकरा वर्षांपूर्वी वजन उतरवण्यासाठी माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी एकशे एकवीस किलोंची होते. गुडघे गेले होते, शुगर गोळ्यांना दाद देत नव्हती. हैदराबादेत हे ऑपरेशन तेव्हा नवंच होतं. पोट कापून लहान करणार हे ऐकल्यावर आत्याबाईंनी देवीला नवस बोलला, सून टेबलावरून जिवंत उतरली तर तिच्या वजनाइतका गूळ वाहीन. आम्ही मूळचे मराठवाड्याचे, पण तीन पिढ्या इथे काढल्या. गुळाची तुला ही इथलीच रीत. देवीला वाहिलेल्या त्या गुळाला बंगारम म्हणतात, म्हणजे सोनं.

मी जिवंत उतरले, नवस मात्र राहिला. वजन आठवड्या-आठवड्याला घटत होतं आणि आत्याबाईंच्या मनानं घेतलं की उतरतं वजन तोललं तर उतार तिथेच थांबतो. “आधी थांबू दे गं, मग तोलू,” त्या म्हणायच्या. ते थांबलं चौऱ्याहत्तरला. तोवर नवसाचं नावही घरात कुणी काढेनासं झालं होतं.

ऑपरेशनचं कौतुक वर्षभर असतं. त्यापुढे फक्त ताट असतं आणि ताटाभोवती माणसं असतात. आधी डाळ, अंडं, मग अर्धी पोळी, शेवटी जमला तर वाटीभर भात, जेवताना पाणी नाही. इकडे शहरात पैसा खेळायला लागला होता. हिमायतनगरच्या आमच्या रस्त्यावर किराणा दुकानांच्या जागी बेकऱ्या आल्या, लग्नाच्या जेवणातले पदार्थ मोजता येईनात, आणि ‘नको’ म्हणणारी मी माजोरी ठरले. एका पंगतीत नणंद सगळ्यांदेखत म्हणाल्या, “एवढा खर्च करून पोट शिवलंस, आता तोंडही शिवून घे.” मी म्हटलं, “घेतलं असतं वन्सं, पण मग तुम्हाला उत्तर कोण देणार?”

पण पाळी जाण्याच्या सुमाराला, एक घास वाढवला नसताना, वर्षभरात वजन ब्याऐंशीवर गेलं. बंद झालेली शुगरची गोळी पुन्हा सुरू करायची भाषा डॉक्टर करू लागले. तेव्हा वन्सं म्हणाल्या, “देवीचा गूळ थकवलात ना? ती वसूल करतेय. किलो-किलोनं.”

मी हसले. पण ते वाक्य माझ्या इवल्याशा पोटात जाऊन बसलं ते हलेना. रोज सकाळी काट्यावर उभी राहताना वाटायचं, ही मला परत एकशे एकवीसवर नेऊन सोडणार. मग भीतीचा राग झाला. घे म्हटलं, मोजून घे, पण माझ्या अंगातून नाही. यजमान म्हणाले, “आजच्या वजनाचा देऊ या की.” मी म्हटलं, “नाही. बोलला तेव्हाच्या वजनाचा. एक किलोसुद्धा मागे ठेवायचा नाही.” बेगम बाजारातल्या दुकानदारानं ढेपा तोलता तोलता विचारलं, “शादी है क्या, बहेन?”

“नहीं भाई, पुराना झगडा है.”

देवळापुढच्या कडुलिंबाला मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात गूळ रचला, दुसऱ्यात मी बसले आणि सरळ वर गेले. पाय हवेत. लोक हसले. पुजारी म्हणाला, दांडी सरळ झाल्याशिवाय तुला होत नाही, गूळ कमी करा. मी खाली उतरेना आणि गूळ उतरवू देईना. “बघा,” वन्सं म्हणाल्या, “देवीलासुद्धा हिची समजूत काढता येईना.” लोंबकळत मी मनातल्या मनात देवीला सांगितलं, मी खाली येणार नाही, काय करायचं ते तू कर.

मागे रांगेत एक अनोळखी बाई उभी होती, डोक्यावर नैवेद्याचं मडकं, पायांना हळद. ती म्हणाली, “अम्मा, मन्नत कौन माने थे?” मी आत्याबाईंकडे बोट दाखवलं. “तो अत्तम्माको भी बिठाओ ना!” एवढं बोलून तिनं मडकं शेजारणीकडे दिलं, आत्याबाईंना लेकरासारखं उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

पारडं खाली आलं. जरा डुललं आणि थांबलं. दांडी सरळ.

आत्याबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या, “अगं, तुझी मांडी गेली कुठं? हाडं टोचतायत मला.” अकरा वर्षांत माझ्या वजनाबद्दल कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. मला रडू आवरेना.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना काट्यावर उभं केलं. छत्तीस. माझे ब्याऐंशी. बेरीज एकशे अठरा. तीन किलो कमी पडतात. यजमान म्हणाले, ओटीतला नारळ असेल, पुजाऱ्याचा हात लागला असेल. असेल. किराण्याचं बिल दोनदा तपासणारी मी, ते तीन किलो मात्र शोधायला गेले नाही. ते देवीचे.

बाकीचा हिशेब माझ्याकडेच आहे. काटा रोज सकाळी, वाटी तीच, आणि ‘नको’ पूर्वीपेक्षा मोठ्यानं. देवीनं माझं काम कमी केलं नाही. पारड्यात मी एकटीच आहे, हा माझा समज तेवढा तिनं काढून घेतला. आत्याबाई आता माझ्याबरोबर लहान ताटलीत जेवतात आणि कुणी आग्रह केला की माझ्याआधी ओरडतात, “नको म्हटलं ना तिनं!” वजन आज ऐंशी आहे. गोळी सुरू करावी लागली नाही.

तर शेवटी फेडलं ते असं. एकशे एकवीस किलो गूळ, देवीला. त्यातला एक खडा पुजाऱ्यानं तराजूतच माझ्या हातावर ठेवला. ऑपरेशननंतर गोडानं मला दरदरून घाम फुटतो. “प्रसादाला नाही म्हणू नये,” वन्सं म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. खडा कपाळाला लावला आणि आत्याबाईंच्या तोंडात घातला. त्यांनी तो माझ्या मांडीवर बसूनच, सावकाश, शेवटपर्यंत चघळला.